भाजीचा कुडा, कुंडीतला कुडा

मार्चमध्ये पुण्याजवळच्या एका नर्सरीतून मी कुडा विकत आणला. गुडघ्याएवढं झुडूप, गर्द हिरवी पानं आणि त्यावर पाच पाकळ्यांची इतकी पांढरी फुलं, की परतताना रिक्षावाल्याने सिग्नलला मागे वळून नाव विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "कुडा." कुंडीत खोचलेल्या चिठ्ठीवर तसंच लिहिलं होतं. वर विक्रीचं नाव 'स्नोफ्लेक', त्याखाली शास्त्रीय नाव 'राइटिया अँटिडिसेन्टेरिका', आणि अगदी खाली कुणीतरी बॉलपेनने मराठीत 'कुडा (औषधी)'. ते लॅटिन नाव कळायला लॅटिन यावं लागत नाही. डिसेंट्री हा शब्द माहीत असला की पुरे. हगवणीवरचं झाड. आमच्या कोकणातल्या घरी पोरांचं पोट बिघडलं की कुड्याचं पाळ ताकात उगाळून द्यायचे, त्या कडूपणाची आठवण जिभेला अजून आहे. म्हटलं, चला, तेवढं एक लहानपण गॅलरीत आलं.

एप्रिलच्या शेवटी संगमेश्वरहून आत्या आली. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत गेली आणि तिथूनच हाक आली, "अगो, ह्याला कुडा कोण म्हणाला तुला?"

मी चिठ्ठी पुढे केली. आत्याने चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही. एक फूल खुडून माझ्या नाकासमोर धरलं. "ही मधे झालर कसली? कुड्याच्या फुलाला झालर असते होय? आणि ह्याची शेंग कुठाय? एवढ्याशा झुडपाला हातभर शेंग धरेल काय?" मग थांबून म्हणाली, "भाजी करून बघ हो ह्याची."

भाजी मी केली नाही. पण त्या झालरीपायी पुढचे पाच-सहा महिने कुड्याच्या मागे लागले. रानात गेले, बाजारात गेले, काष्ठौषधींच्या दुकानात नाक खुपसलं, जुने ग्रंथ चाळले. आणि कळलं ते असं: आत्याने जी चूक अर्ध्या मिनिटात पकडली, ती युरोपातल्या वनस्पतिशास्त्राला सुधारायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला, आणि औषधांच्या बाजारात तर ती त्यानंतरही सुखाने नांदली. माझ्या नर्सरीवाल्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. तो बिचारा एका फार मोठ्या माणसाची चूक पुढे चालवत होता.

*

आधी खरा कुडा पाहून घेऊ. तो पाहायला एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीच्या पायथ्याला जावं. कसाऱ्याकडे, कर्जत-मुरबाडच्या बाजूला, कोकणात तर कुठेही. पानगळीच्या जंगलात, तोडलेल्या डोंगरउतारावर, गुरचरणीच्या कडेला, जिथे बाकीच्या झाडांनी हात टेकलेत अशा जागी तो हटकून भेटतो. बहुतेक वेळा झुडूप, पुरुषभर किंवा दीड पुरुष उंचीचं. मोकळीक मिळाली तर छोटा वृक्षही होतो, दहा मीटरपर्यंत जातो. त्याला मोकळीक सहसा मिळत नाही. सरपणासाठी तोडतात, वणव्यात होरपळतो, आणि पावसाळ्यात बुंध्यातून पुन्हा फुटतो. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, कारण पान तोडलं की पांढरा चीक येतो आणि चव कडूजहर. उजाड माळावर कुडा उरतो याचं कारण हेच: इतरांना जे मारतं ते त्याला पुरतं मारू शकत नाही.

पानं समोरासमोर, जोडीजोडीने. वीतभर लांब, देठ जवळजवळ नाहीच. हिवाळा सरताना ती गळतात, आणि उन्हाळ्यात नव्या पालवीबरोबर फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फूल पांढरं, उमललं की रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. खाली सेंटिमीटरभराची बारीक नळी, वर पाच पाकळ्या. कळी पाहिलीत तर त्या पाकळ्या एकमेकींवर पिळून बसलेल्या दिसतात, ओला पंचा पिळावा तशा. हा पीळ त्या घराण्याचाच. करवंद, तगर, कण्हेर, सदाफुली, चाफा, सगळी याच कुळातली. चीक आणि कळीचा पीळ या दोन खुणांवर त्यांचं नातं कळतं. कुड्याचे पुंकेसर मात्र बाहेरून दिसत नाहीत. ते नळीच्या तळाशी लपलेले असतात. फूल वरून पाहिलं तर मध्यभागी नुसतं एक लहानसं भोक. झालर नाही, तुरा नाही, काही नाही. आत्या म्हणत होती ते हे.

वास मंद, मोगऱ्याच्या दूरच्या नात्यातला. संस्कृतात त्याला गिरिमल्लिका म्हणतात, डोंगरावरची मोगरी. कुटज हे नाव त्याहून प्रसिद्ध: कूट म्हणजे शिखर, त्यावर जन्मला तो कुटज. मराठीत त्याचा कुडा झाला, गोव्यात कुडो. (घराचा कुड वेगळा, कानातली कुडीही वेगळी. तिन्ही शब्द एका श्वासात येतात म्हणून त्यांना एका घरात कोंबू नये. कुडाच्या भिंतीला बहुधा कारवीच्या काठ्या लागतात.)

फुलामागून येते ती शेंग. आत्याने 'हातभर' म्हटलं ते थोडं वाढवून, पण एक वीत ते दोन वीत हे नक्की. बोरूच्या काडीएवढी बारीक, अंगावर पांढुरके ठिपके, आणि नेहमी जोडीने लोंबणारी. एका फुलातून दोन शेंगा कशा? या कुळात अनेकांच्या फुलाचा बीजांडकोश दोन सुट्या भागांचा असतो, ते भाग फक्त वर एका धाग्याने जोडलेले. परागण झालं की धागा गळून पडतो, आणि दोन्ही भाग आपापल्या वाटेने शेंगा होतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या सुकून उकलतात. आत जवासारख्या लांबट बिया, आणि प्रत्येक बीच्या टोकाला तपकिरी-पांढऱ्या केसांचा झुपका. वारा आला की बिया म्हाताऱ्या होऊन उडतात. हेच ते इंद्रजव. कथा अशी सांगतात की लंकेच्या युद्धात पडलेल्या वानरांना इंद्राने अमृत शिंपडून उठवलं, तेव्हा त्यांच्या अंगावरून जे थेंब जमिनीवर सांडले तिथे कुडा उगवला. कथा रचणाऱ्याने तो चाखला असावा असं मात्र वाटत नाही. अमृताची चव एवढी कडू असेल तर देवांचं कौतुकच.

*

आता गुंता. कुडा एक नाही.

कर्जतच्या स्टेशनबाहेर मे महिन्यात कातकरी-ठाकर बायका पानांवर वाटे लावून बसतात. करवंदं, जांभळं, आणि मधेच पांढऱ्या फुलांचा ढीग. मी एका मावशींना विचारलं, "कुड्याचीच ना?" त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती शहरी माणसांसाठी राखून ठेवलेली असते. "मग काय मोगरा इकीन का वाट्यावर?" मी विचारलं, काळ्या कुड्याची आहेत की पांढऱ्या? तेव्हा मात्र त्या सावरून बसल्या. एक फूल उचललं, उलटं-सुलटं केलं. "पांढऱ्याची. काळ्याच्या फुलात मधे दाढी असती."

पांढरा कुडा म्हणजे वर सांगितला तो. शास्त्रीय नाव होलॅर्‍हेना प्युबेसन्स. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. त्याची फुलंही पांढरीच, म्हणून नवखा माणूस फसतो. पण त्याच्या फुलात मध्यभागी तंतूंची झालर असते आणि तिच्यातून पुंकेसरांचा शंकू वर डोकावतो: मावशींची दाढी. साल काळपट-तांबूस आणि गुळगुळीत. शेंगा जोडीच्याच, पण कोवळेपणी त्यांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, जणू दोन काड्या वाकवून चिमट्यात धरल्यात. पांढऱ्याच्या शेंगा टोकाला सुट्या. आणि बी: पांढऱ्याच्या बीचा झुपका शेंगेच्या टोकाकडे तोंड करून असतो, काळ्याचा देठाकडे. शेंग न उकलता हे दिसत नाही, पण उकलली की चूक व्हायला वाव नाही.

काळ्या कुड्याचं बी कमी कडू, म्हणून बाजारात त्याला गोडे इंद्रजव म्हणत. कडू इंद्रजव ते पांढऱ्याचं, औषधाचं. काळ्याच्या पानांतून निळा रंग निघतो; वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने त्याच गुणावरून त्याला रंगाऱ्याचं नाव दिलं. लाकूड हस्तिदंतासारखं गोरं, मऊ, कातायला सोपं. चन्नपट्टणची लाखेची रंगीत खेळणी ज्या लाकडाची, ते हेच. शिवाय तांबडा कुडा आहे, राइटिया आर्बोरिया, तोही आपल्या जंगलात सापडतो.

ही भानगड नवी नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वत्सकावर, म्हणजे कुड्यावर, स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात दोन कुडे सांगितले आहेत. मोठ्या फळांचा, पांढऱ्या फुलांचा, स्निग्ध पानांचा तो पुरुष. सावळ्या-तांबूस फुलांची, लहान फळांची ती स्त्री. ही स्त्री काळा कुडा की तांबडा, यावर वैद्यमंडळींत आजही एकमत नाही. पण एवढं तर दिसतं की दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी फळ, फूल आणि पान बघून ही दोन झाडं वेगळी काढली होती.

*

आणि मग आला स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस.

त्याच्याही आधीपासून सुरुवात करायला हवी. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या संवादग्रंथात मलबारातल्या हगवणीवरच्या एका झाडाची चर्चा आहे. ते कुडाच असावं असं अभ्यासक मानतात. त्यानंतर शंभरेक वर्षांनी कोचीचा डच गव्हर्नर व्हान र्‍हेडे याने 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा प्रचंड प्रकल्प उभा केला. पहिला खंड १६७८ साली ॲमस्टरडॅमला निघाला. त्यात 'कोडगपाला' नावाने कुड्याचं चित्र आहे. मलयाळीत कुड्याला आजही कुडकप्पाला म्हणतात. या ग्रंथाला इट्टी अच्युतन नावाच्या मलयाळी वैद्याइतकीच तीन कोकणी वैद्यांची मदत होती: रंगभट्ट, विनायक पंडित आणि अप्पूभट्ट. १६७५ सालचं त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलं आहे. गोवा सोडून कोचीला गेलेल्या समाजातले हे लोक. त्यांच्या बायकांनी घरी कुड्याची भाजी केली असेल की नाही याची नोंद अर्थातच नाही. त्या काळी भाज्या ग्रंथात येत नसत, औषधं येत.

इकडे सिलोनमध्ये डच कंपनीचाच डॉक्टर पॉल हर्मन झाडपाला गोळा करत होता. त्याच्या वाळवलेल्या संग्रहात एक पांढऱ्या फुलाचं झुडूप होतं. सिंहली लोक त्याला इद्द म्हणतात. माझ्या कुंडीत आहे तेच! मूळचं श्रीलंकेचं, मीटर-दीड मीटरचं, जवळजवळ बारमाही फुलणारं, आणि फुलात मधे पांढरी झालर असलेलं.

हर्मनचा संग्रह फिरत फिरत १७४४ मध्ये स्वीडनला लिनियसच्या टेबलावर आला. सिलोन त्याने पाहिलं नव्हतं, मलबारही नाही. समोर सिलोनचा वाळका नमुना, शेजारी मलबारच्या कोडगपालाचं चित्र आणि त्याखाली आमांशावर गुणकारी असल्याचं वर्णन. दोन्हीकडे समोरासमोर पानं, दोन्हीकडे पांढरं फूल, दोन्हीकडे चीक. त्याने दोन्ही एकच ठरवली. १७५३ च्या 'स्पीशीज प्लांटॅरम'मध्ये नाव पडलं 'नेरियम अँटिडिसेन्टेरिकम', म्हणजे आमांश बरा करणारी कण्हेर. नाव मलबारच्या झाडाच्या गुणावरून, नमुना सिलोनच्या झाडाचा.

वनस्पतिशास्त्राचा नियम असा की नाव नमुन्याला चिकटतं, गुणाला नाही. त्यामुळे आमांशाचं बिरुद कायमचं त्या झुडपाकडे गेलं ज्याचा कोडगपालाच्या कीर्तीशी काही संबंध नव्हता. १८१० च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने फुलं उघडून भिंगाखाली पाहिली आणि दोन वंश वेगळे केले. झालरवाल्यांचं नाव राइटिया, विल्यम राइट या जमैकात काम केलेल्या स्कॉटिश डॉक्टरवरून. बिनझालरवाल्यांचं होलॅर्‍हेना: ग्रीक 'होलोस' म्हणजे अख्खा आणि 'अर्‍हेन' म्हणजे नर, कारण त्याचे परागकोश अख्खे, शेपट्या नसलेले. ब्राउनला भिंगातून दिसलं ते आत्याला चष्म्यातून दिसलं, एवढाच फरक.

यानंतर तरी घोळ मिटावा की नाही? नाही. खऱ्या कुड्यालाही बराच काळ 'होलॅर्‍हेना अँटिडिसेन्टेरिका' म्हणत राहिले. जुन्या औषधी ग्रंथांत आणि अनेक बाटल्यांवर ते नाव आजही आहे. म्हणजे दोन वेगळ्या झाडांचं आडनाव वेगळं आणि विशेषण एक. नर्सरीवाल्याने विशेषण वाचलं आणि मराठी नाव लिहून टाकलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

*

नावाच्या चुकीने कोणाचं बिघडलं, असं म्हणाल तर उत्तर आहे. औषधाचं बिघडलं.

अठराव्या शतकात कुड्याची साल युरोपात पोहोचली. 'कोनेसी बार्क', 'तेलिचेरी बार्क' अशा नावांनी ती विकली जाई. हगवणीवर उत्तम म्हणून तिचं कौतुक झालं, आणि मग हळूहळू तिचं नाव खराब झालं. कधी लागू पडे, कधी अजिबात नाही. त्यामागचं एक मोठं कारण सालींची भेसळ. पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्याची साल मिसळलेली असे, कधी तर सगळीच काळ्याची. मुंबईत औषधी द्रव्यांवर आयुष्यभर काम केलेल्या विल्यम डायमॉकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार नोंदवला आहे.

विशेष म्हणजे कुड्यातलं मुख्य द्रव्य पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते मुंबईतच. १८५८ मध्ये हेन्स या संशोधकाने सालीतून एक अल्कलॉइड काढलं, ते आज कोनेसीन नावाने ओळखलं जातं. सहा वर्षांनी विलायतेत स्टेनहाउसने त्याच द्रव्याला नाव दिलं 'राइटीन'. झाड होलॅर्‍हेना, अल्कलॉइडचं नाव राइटियावरून! लिनियसची चूक आता रसायनशास्त्रातही शिरली.

विसाव्या शतकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुड्यावर, बंगाली नाव कुरची, नीट प्रयोग केले. त्या वेळी अमीबिक आमांशावर एमेटीनची इंजेक्शनं चालत. लिओनार्ड रॉजर्सने कलकत्त्यातच १९१२ मध्ये ती रूढ केली होती. एमेटीन हृदयाला जड जाई. कुरची सौम्य, तोंडाने घेण्याजोगी, देशी. चोप्रांच्या १९३३ च्या 'इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया' या ग्रंथात तिला मानाची जागा मिळाली. पुढे शुद्ध कोनेसीनचेही प्रयोग झाले, तेव्हा रोग्यांची झोप उडणं, मन अस्वस्थ होणं असे त्रास दिसले. १९६० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आलं आणि कुरचीचं डॉक्टरी पर्व संपलं. २००८ मध्ये कोनेसीन मेंदूतल्या हिस्टामीनच्या एका ग्राहीला अडवतं असं प्रसिद्ध झालं. ज्या अल्कलॉइडने रोग्यांची झोप उडवली, त्याच्याकडे मेंदूच्या औषधांसाठी पाहिलं जाऊ लागलं, ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

आयुर्वेदाने मात्र कुडा सोडला नाही. कुटजारिष्ट, कुटजघनवटी, कुटजावलेह कुठल्याही दुकानात मिळतात. अरिष्टात मुळाच्या सालीचा काढा, द्राक्षं, मोहाची फुलं, शिवण, गूळ, आणि आंबवायला धायटीची फुलं. सालच हवी आणि तीही मुळाची, इथे झाडाचा प्रश्न येतो. खोड तोडलं तर कुडा फुटतो. मूळ खणलं तर जातो.

पुण्यात काष्ठौषधींच्या एका जुन्या दुकानात मी पन्नास ग्रॅम इंद्रजव मागितले. मालकांनी पुडी बांधली. मी एक दाणा चावून पाहिला. पहिले दोन-तीन सेकंद काही नाही, मग कडूपणा असा चढला की शेजारच्या गिऱ्हाइकाने पाण्याची बाटली पुढे केली. मालक हसले. "कडू आहे म्हणजे खरं आहे, ताई. गोडं निघालं तर परत आणा." औषधांच्या प्रयोगशाळेत जे यंत्रं करतात ते इथे जिभेवर चाललं होतं. हल्ली मधुमेहावर म्हणून लोक इंद्रजव मूठमूठ घेऊन जातात, असंही ते म्हणाले. त्यांना ते आवडत नव्हतं, मलाही आवडलं नाही. कुड्याची प्रसिद्धी पोटाच्या दुखण्यासाठी आहे, आणि तीही जाणत्याच्या हातून. ज्या झाडाचं सत्त्व डोक्यावर परिणाम करतं, ते व्हॉट्सॲपवर वाचून खाऊ नये.

*

औषध एवढं प्रसिद्ध झालं की फूल मागे पडलं. फुलाचा खरा मान राखला तो कालिदासाने. 'मेघदूता'त आषाढाच्या पहिल्या दिवशी यक्षाला ढग दिसतो. पाहुणा आला तर अर्घ्य द्यायला हवं. यक्ष कुबेराचा सेवक, सवय कमळांची. पण हद्दपारीत रामगिरीवर राहतोय. तिथे हाताशी काय? ताजी कुड्याची फुलं. तीच तो मेघाला वाहतो. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक असं बहुतेक मानतात, आणि विदर्भातल्या कोरड्या जंगलात आषाढाच्या तोंडाशी कुडा फुललेला असतो. म्हणजे कवीने फूल शोभेसाठी निवडलेलं नाही. त्या डोंगरावर त्या आठवड्यात जे फुललेलं असतं, ते घेतलं आहे. चिंतामणराव देशमुख, बोरकर, कुसुमाग्रज, शांता शेळके, इतक्यांनी 'मेघदूत' मराठीत आणलं. ते वाचून डोळे मिटणाऱ्या किती जणांनी कुडा पाहिला असेल, हा प्रश्न मी एका साहित्यिक कार्यक्रमात विचारला होता. तीन हात वर झाले. तिघेही कोकणातले.

रवींद्रनाथांनाही हे खुपलं असावं. 'वनवाणी'तली त्यांची 'कुरची' ही कविता कुष्टिया रेल्वे स्टेशनाजवळ दिसलेल्या एका कुरचीच्या झाडावरची आहे. स्टेशनच्या गर्दीत फुललेला कुडा थांबून पाहणारा माणूस विरळाच.

*

फूल पाहणारे विरळा, पण खाणारे नाहीत. कर्जतच्या त्या मावशींकडून मी वाटा घेतला आणि आत्याला फोन लावला. तिने फोनवरून भाजी करून घेतली.

फुलं निवडायची, देठ काढायचे. उकळत्या पाण्यात टाकून पाच-सात मिनिटं, मग चाळणीत ओतून गार झाली की मुठीत घट्ट पिळायची. "पिळताना दया करू नको," आत्या म्हणाली. "पाणी राहिलं की कडू राहिली." पाण्याला हिरवट पिवळा रंग येतो आणि ते चाखायचा मोह मी एकदाच केला. मग तेलावर लसूण, हिरवी मिरची, भरपूर कांदा, भिजवलेली मूगडाळ, त्यावर पिळलेली फुलं, मीठ, झाकण. उतरवताना ओलं खोबरं. एवढी टोपलीभर फुलं शिजून वाटीभर होतात. कडूपणा जातो, पण सगळा जात नाही. मागे एक कडवट सावली राहते आणि तीच या भाजीची चव. कारल्याच्या नशिबी निदान तुपात तळायची-साखरेत घोळायची म्हण तरी आली. कुड्याच्या वाट्याला म्हण आलेली माझ्या ऐकिवात नाही.

पावसाळ्यात कोवळ्या शेंगा येतात. त्यांचंही तसंच: शिरा काढून चवळीच्या शेंगेसारखे तुकडे, उकड, पीळ, फोडणी. काही जण काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगाही खातात. त्या कमी कडू. ऑगस्टमध्ये कृषी खात्याच्या रानभाजी महोत्सवात टेबलांवर टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं यांच्यात कुड्याची जुडी दिसली. समोर छापील कार्ड. त्यावर नाव, 'कुडा'. त्याखाली शास्त्रीय नाव, 'राइटिया अँटिडिसेन्टेरिका'. मी शेंगांची टोकं पाहिली. सुटी होती. टेबलामागच्या बाईंना म्हटलं, "ताई, झाड बरोबर आहे, कार्ड चुकलंय." त्या म्हणाल्या, "कार्ड आम्हांला तयार आणून दिलंय. आम्ही भाजी आणली."

मला वाटतं या सगळ्या प्रकरणाचा निवाडा त्या वाक्यात आहे. कुड्याच्या नावाचा घोळ झाला तो नेहमी कागदावर: लिनियसच्या टेबलावर, विलायतेतल्या औषधांच्या पेठेत, नर्सरीच्या चिठ्ठीत, महोत्सवाच्या कार्डावर. ज्यांना ते झाड खायचं होतं, पिळायचं होतं, लेकराला उगाळून द्यायचं होतं, त्यांच्या हातून ही चूक मला या सहा महिन्यांत एकदाही झालेली दिसली नाही. चुकली तर जेवणात लगेच कळते, हे त्याचं साधं कारण. म्हणून वनस्पतींच्या याद्या करणाऱ्यांना, औषधांची पेरणी करणाऱ्यांना आणि आम्हा लिहिणाऱ्यांना एक विनंती: नाव छापण्याआधी ती भाजी करणाऱ्या बाईला झाड दाखवा.

माझ्या कुंडीतलं झुडूप छान आहे. इद्द म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. श्रीलंकेचा पाहुणा, बारा महिने फुलतो, पाणी थोडं कमी-जास्त झालं तरी कुरकुरत नाही. खऱ्या कुड्याच्या मूठभर बिया आत्याने पोस्टाने पाठवल्या आहेत, केसांच्या झुपक्यांसकट, पाकीट उघडताच अर्ध्या खोलीभर उडाल्या. त्या पावसाच्या तोंडाशी लावायच्या आहेत. नर्सरीची चिठ्ठी मी काढलेली नाही. गणपतीत आत्या पुन्हा आली होती, तेव्हा तिने ती उलटी करून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं: 'भाजीचा नव्हे.'